ताम्रपट वाचणारे मिराशी आणि पवनारचा वाद

सावंगी नावाची गावं विदर्भात इतकी आहेत की वर्ध्याजवळच्या सावंगीला कंसात ‘मेघे’ लावल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही. बाहेरगावच्या माणसाला ‘यवतमाळ रोडवरची, दवाखान्याची सावंगी’ असं फोड करून सांगावं लागतं. आता समजा, आणखी दीड हजार वर्षांनी कुणाला जमिनीत एखादा दस्तऐवज सापडला आणि त्यावर नुसतं ‘सावंगी’ एवढंच असलं, तर तो कोणत्या सावंगीचा हे ठरवायचं कसं? नावावरून ठरणार नाही. त्यात शेजारच्या गावांची, नदीची, शिवेची नावं असली तर मात्र मार्ग निघेल.

महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी पन्नासहून अधिक वर्षं केलं ते हेच काम. आणि त्यातला मोठा भाग वर्धा जिल्ह्याच्या मातीशी जोडलेला आहे.

हिंगणघाटच्या बाजूला जांब नावाचं गाव आहे. तिथे विदर्भातल्या प्राचीन वाकाटक घराण्याचा राजा दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट सापडला. त्यात कोथुरक नावाचं गाव दान दिल्याचा मजकूर आहे. नुसतं कोथुरक म्हटलं तर कुणाला काय कळणार? पण लिहिणाऱ्या कारकुनाने चतुःसीमा नोंदवली होती : एका अंगाला उमा नदी, भोवती चिंचापल्ली, बोंथिकवाटक आणि मण्डुकिग्राम. मिराशींनी नकाशा पुढे घेतला. उमा म्हणजे वणा नदी, मण्डुकिग्राम म्हणजे नदीकाठचं मांडगाव, चिंचापल्ली म्हणजे चिंचोली, बोंथिकवाटक म्हणजे बोथड. चिंचोली नावाची गावं तर सावंगीपेक्षाही जास्त निघतील, पण वणेच्या काठावर, मांडगावच्या आसपासची चिंचोली म्हटल्यावर निवड फारशी उरत नाही. वर आणखी एक धागा. हे कोथुरक ‘सुप्रतिष्ठ आहार’ या विभागात होतं, असं ताम्रपट सांगतो. याच विभागाचं नाव राणी प्रभावतीगुप्ता हिच्या पुणे ताम्रपटातही येतं आणि त्यात दान दिलेलं दंगुण हे गाव म्हणजे हिंगणघाट असावं, असं अभ्यासकांनी मांडलं होतं. दोन वेगळे ताम्रपट, मायलेकांचे, आणि दोन्हींची बोटं एकाच भागाकडे.

हा पुणे ताम्रपटही गमतीचा. विदर्भातल्या राणीचा, विदर्भातल्या गावाविषयीचा दस्तऐवज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडला तो पुण्यातल्या एका तांबटाकडे. त्याने तो वितळवला नाही, हे महाराष्ट्राचं नशीब. त्याआधी वाकाटकांचा काळच चुकीचा धरला जात होता. त्यांच्या लेखांत येणारा ‘देवगुप्त’ हा मगधातला कुणी उत्तरकालीन गुप्त राजा समजून अख्खं घराणं शतकांनी पुढे ढकललं गेलं होतं. पुणे ताम्रपटाने प्रभावतीगुप्ता ही सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी असल्याचं स्पष्ट केलं आणि वाकाटक चौथ्या-पाचव्या शतकात आपल्या जागी येऊन बसले.

मिराशींचा जन्म 1893 मधला, देवगड तालुक्यातल्या कुवळे गावचा. शिक्षण कोल्हापुरात आणि पुण्यात. 1919 मध्ये ते संस्कृतचे प्राध्यापक म्हणून नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले आणि कोकणातला हा माणूस विदर्भाचाच होऊन गेला. पुढे ते मॉरिसचे आणि अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, नंतर नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचा विभाग त्यांनी सांभाळला. त्यांच्या आधी या प्रांतातल्या लेखांची मोजदाद रायबहादूर हिरालाल यांनी करून ठेवली होती. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या शिलालेख-ताम्रपटांची त्यांची सूची 1916 मध्ये निघाली. मिराशी त्या वाटेने बरेच पुढे गेले. 1941 मध्ये महामहोपाध्याय ही पदवी, 1975 मध्ये पद्मभूषण, 1985 मध्ये मृत्यू. एवढं चरित्र पुरे. घडामोडींचं आयुष्य नव्हतंच ते; घडामोडी होत्या त्या तांब्याच्या पत्र्यांत.

खरी दखल घ्यायला हवी ती एका वेगळ्याच गोष्टीची. भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्यासाठी त्यांनी कोरीव लेखांचे तीन महाखंड संपादित केले : कलचुरि-चेदि संवताचे लेख 1955 मध्ये, वाकाटकांचे 1963 मध्ये आणि शिलाहारांचे 1977 मध्ये. तिन्ही इंग्रजीत. शेवटचा निघाला तेव्हा त्यांचं वय चौऱ्याऐंशी होतं. आता मराठी पुस्तकांच्या तारखा पाहा. ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ 1957 चं, म्हणजे इंग्रजी खंडाच्या सहा वर्षं आधीचं. शिलाहारांवरचं मराठी पुस्तकही इंग्रजी खंडाच्या आधीच निघालेलं. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यावरचं मराठी पुस्तक 1979 चं, इंग्रजी त्यानंतरचं. शिवाय मराठी पुस्तकं इंग्रजीचा सारांश काढून, ‘सामान्य वाचकांसाठी’ पातळ केलेली नव्हेत. शिलाहार काय, सातवाहन काय, पुस्तकांच्या नावांतच ‘कोरीव लेख’ आहेत. मूळ लेख आत छापलेले आहेत.

इतिहास लोकप्रिय करणं म्हणजे गोष्ट रंगवून सांगणं, असं आज सर्रास समजलं जातं. मोबाइलवर दीड मिनिटात एखादं साम्राज्य उभं राहतं आणि ‘तुम्हाला हे कुणी शिकवलंच नाही’ या वाक्यावर संपतं. त्यात पुरावा दिसत नाही, वाद दिसत नाही, ‘बहुधा’ हा शब्द तर औषधालाही नसतो. मिराशींनी मराठी वाचकाशी केलेला व्यवहार याच्या नेमका उलटा होता. हा लेख, हे माझं वाचन, या जागी अक्षर तुटलं आहे, तिथे मी अमुक धरतो, त्याची कारणं ही. पटलं तर घ्या. वर्ध्याच्या, वाशीमच्या, रामटेकच्या माणसाला त्यांनी श्रोत्यांत बसवलं नाही, पंचांत बसवलं.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा लेख हे त्याचं सुंदर उदाहरण. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने ते लेणं कोरवलं आणि भिंतीवर राजाची वंशावळ खोदवली. पावसापाण्याने अक्षरं झिजली. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी तो वाचला, पण काही नावं नीट लागली नव्हती, म्हणून वाकाटकांचं सगळं घराणं एकाच ओळीत मांडलं जाई. 1939 मध्ये वाशीमला एक ताम्रपट मिळाला, दुसऱ्या विंध्यशक्तीचा. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि प्रा. महाजन यांनी तो आधी प्रसिद्ध केला. त्यात सर्वसेन हे नाव होतं, पहिल्या प्रवरसेनाच्या मुलाचं. मिराशी ते नाव घेऊन अजिंठ्याच्या भिंतीकडे परत गेले आणि झिजलेल्या ओळीत तेच नाव त्यांना वाचता आलं. वाकाटकांची शाखा एक नव्हती, दोन होत्या : एक नंदिवर्धनची, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनची, आणि दुसरी वत्सगुल्मची, म्हणजे वाशीमची. अजिंठ्याची वैभवशाली लेणी ज्यांच्या काळात कोरली गेली ते राजे वाशीमचे निघाले. हे वाचन 1941 मध्ये हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व मालेत छापलं गेलं, कारण अजिंठा तेव्हा निजामाच्या हद्दीत होतं.

त्याच 1939 मध्ये मंगरूळपीरकडच्या तऱ्हाळ्याला सातवाहन नाण्यांचा मोठा साठा मिळाला, सोळाशेच्या आसपास नाणी. पुराणांच्या यादीत ज्यांचा पत्ता नाही अशा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी या राजांची नावं मिराशींनी त्यांवर वाचली. वऱ्हाडातल्या एका खेड्यातल्या मडक्याने पुराणांची यादी दुरुस्त केली.

फुगवटा त्यांना मानवत नसे. 1933 मध्ये काशीप्रसाद जयस्वाल यांचं गाजलेलं पुस्तक आलं. त्यात वाकाटकांना जवळजवळ अखिल भारताचं साम्राज्य बहाल केलं होतं आणि त्यांचं मूळ बुंदेलखंडात दाखवलं होतं. विदर्भातल्या अभिमान्याला यातला पहिला अर्धा भाग गोड वाटला असता. मिराशींनी दोन्ही अर्धे नाकारले. वाकाटक दक्षिणेकडचे, त्यांचं केंद्र विदर्भ आणि त्यांचं राज्य लेखांतून जेवढं दिसतं तेवढं. आपल्या भूमीचा राजा लहान करून दाखवायला छाती लागते. ती त्यांच्याकडे होती, असं आज मागे पाहताना ठामपणे म्हणता येतं.

मात्र एका ठिकाणी त्यांच्या मांडणीला लोकांनी त्यांच्यापेक्षा जास्त उचलून धरलं. ते ठिकाण म्हणजे रामटेक. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर राहतो तो डोंगर कोणता, हा जुना वाद. टीकाकार मल्लिनाथ म्हणतो चित्रकूट. कुणी सरगुजातलं रामगड सांगतं. मिराशींचं उत्तर रामटेक, आणि त्यांचा युक्तिवाद शाळेतल्या मुलानेही नकाशावर बोट फिरवून तपासावा असा. मेघ रामगिरीवरून उत्तरेकडे निघतो, वाटेत त्याला रेवा म्हणजे नर्मदा लागते, मग विदिशा. चित्रकूट तर नर्मदेच्या उत्तरेलाच आहे. तिथून उत्तरेला निघालेल्या मेघाला नर्मदा भेटणार कुठे? रामटेकहून निघालं की वाट सरळ जुळते. शिवाय प्रभावतीगुप्तेचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीस्वामीच्या चरणांपाशी दिलेला आहे. म्हणजे वाकाटकांच्या राजधानीशेजारी रामगिरी नावाचं देवस्थान त्या काळी होतं, हे लेखातूनच कळतं.

इथपर्यंत पाया पक्का आहे. पुढची पायरी, म्हणजे कालिदास चंद्रगुप्ताच्या वतीने विदर्भात येऊन राहिला होता, ही अनुमानाची. मिराशींच्या 1934 च्या ‘कालिदास’ या ग्रंथात पुरावा कोणता आणि तर्क कोणता हे वाचकाला वेगळं करता येतं. नंतरच्या भाषणांत आणि उत्सवांत ते वेगळेपण विरघळलं. रामटेकला कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठही 1997 मध्ये उभं राहिलं. चांगलंच झालं. पण कवी तिथे खरोखर राहिला होता का, हा प्रश्न अजून प्रश्नच आहे.

आता वर्ध्याचा जिव्हाळ्याचा मुद्दा : पवनार. सावंगीच्या रुग्णालयाला आचार्य विनोबा भाव्यांचं नाव आहे आणि विनोबांचं पवनार वर्ध्याच्या पलीकडच्या अंगाला, नागपूर रोडवर, धाम नदीच्या काठी. 1938 मध्ये विनोबा तिथल्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. पुढे आश्रमाच्या जमिनीत खणताना जुनी शिल्पं निघू लागली. राम-भरत भेटीचा म्हणून ओळखला जाणारा शिल्पपट त्यातलाच. आज तो आश्रमात पूजेत आहे. मिराशींनी या शिल्पांकडे वाकाटक काळातल्या राममंदिराचे अवशेष म्हणून पाहिलं. दुसऱ्या प्रवरसेनाचे कितीतरी ताम्रपट ‘प्रवरपुर’ या राजधानीतून निघालेले आहेत. अचलपूरजवळचा चम्मकचा ताम्रपट त्यातलाच. नावाचं साम्य, शिल्पं, जुन्या वस्तीच्या खुणा आणि आसपास विखुरलेले दानलेख एकत्र धरून मिराशींनी मांडलं, की प्रवरपुर म्हणजे पवनार.

पिढ्यान् पिढ्या हे मत चाललं. 1967 मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे पवनारला उत्खनन केलं. वस्ती खूप जुनी असल्याचं दिसलं, वाकाटक काळ त्यात होता. पण राजधानीच, असं ठासून सांगणारा शिक्का त्यातून मिळाला नाही. मग 1990 च्या दशकाच्या शेवटी रामटेकजवळच्या मनसरला जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी खणायला घेतलं. विटांचं भव्य देवालय निघालं आणि प्रवरेश्वराचं नाव असलेल्या मुद्रांचे ठसे निघाले. डच अभ्यासक हान्स बाक्कर यांच्यासह अनेकांना आता प्रवरपुर मनसरच्या परिसरात असावं असं वाटतं. पवनारच्या शिल्पपटांतल्या काहींची मिराशींनी केलेली ओळखही पुढे वादात आली.

वर्ध्याच्या माणसाला याचं वाईट वाटणं साहजिक आहे. राजधानी हातची गेल्यासारखं वाटतं. पण निर्णय अजून सर्वमान्य नाही आणि समजा झाला, तरी मिराशींची उंची तसूभरही कमी होत नाही. कारण त्यांना खोडून काढणाऱ्यांनी हत्यारं वापरली ती बहुतेक त्यांनीच घडवलेली. मनसरचं नाव घेणारा प्रत्येक अभ्यासक आधी मिराशींचा 1963 चा खंड उघडतो, त्यातले पाठ घेतो, आणि मगच त्यांच्याशी भांडतो. नाण्यांचंही तसंच झालं. वाकाटकांनी स्वतःची नाणी पाडली नाहीत, असं त्यांच्या पिढीत धरलं जाई. पुढे नागपूरच्याच अजयमित्र शास्त्री यांनी काही तांब्याची नाणी वाकाटकांची म्हणून पुढे आणली. उलट काही ठिकाणी काळाने त्यांची बाजू बळकट केली. नगरधनला गेल्या दशकात झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. नंदिवर्धन म्हणजे नगरधन हे त्यांच्या नकाशावर आधीच होतं.

त्यांच्यात उणिवा नव्हत्या असं नाही. त्यांची मराठी स्वच्छ आहे, पण जड आहे. संस्कृताचा गंध नसलेल्या वाचकाला पानोपानी ठेच लागते. ‘संशोधन मुक्तावलि’ या त्यांच्या लेखसंग्रहाचे सर, म्हणजे भाग, वाचणारा वर्ग तेव्हाही शिकलेला, शहरी आणि बहुधा उच्चवर्णीयच होता. त्यांची नजर राजवंशावर खिळलेली. चम्मकच्या ताम्रपटाचंच घ्या. एक हजार ब्राह्मणांना राजमानाने आठ हजार एवढी भूमी दिली, असं तो म्हणतो. आणि अट घालतो, की या लोकांनी राजद्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, लढाई करू नये, दुसऱ्या गावांना त्रास देऊ नये. केला तर राजा जमीन परत घेईल आणि ती चोरी ठरणार नाही. दान देतानाच सरकारजमा करण्याचं कलम! वाकाटकांच्या दानलेखांत आणखी एक यादी असते, सवलतींची : दान दिलेल्या गावात सैनिक-शिपायांनी शिरू नये, गावाने फिरतीवरच्या अधिकाऱ्यांना गवत, बसायला कातडी, कोळसा पुरवू नये. याचा सरळ अर्थ असा, की दान न दिलेल्या बाकीच्या गावांना हे सगळं निमूट पुरवावं लागत होतं. मिराशी या सवलतींचा अर्थ चोख लावतात आणि पुढच्या राजाकडे वळतात. राजांपेक्षा सामान्यांच्या जगण्यातून इतिहास शोधणारे दामोदर धर्मानंद कोसंबी असते तर त्या गवत-कोळशापाशीच बैठक मारून बसले असते. मिराशींचं वाचन आणि कोसंबींचे प्रश्न यांची गाठ वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या इतिहासासाठी कुणीतरी घालायला हवी.

ब्रिटनमध्ये पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांचं प्राचीन जगाच्या इतिहासावरचं पुस्तक 1942 मध्ये, ऐन युद्धात, स्वस्त कागदी बांधणीत निघालं आणि कामगारांच्या हातात गेलं. मिराशींच्या ग्रंथांना असा प्रकाशक लाभला नाही. विद्यापीठं आणि संशोधन संस्था यांनी ते छापले, ग्रंथालयांनी कपाटात ठेवले. आणि मराठी वाचकासाठी आधी लिहिलेलं पुस्तक मराठी वाचकाच्या घरात फारसं पोचलंच नाही.

म्हणून काही मागण्या अगदी साध्या आहेत. नागपूर विद्यापीठ आणि विदर्भ संशोधन मंडळ यांनी वाकाटक, सातवाहन, शिलाहारांवरचे मिराशींचे मराठी ग्रंथ परवडेल अशा किमतीत पुन्हा काढावेत. प्रत्येकाला नव्या अभ्यासकाची एक पुरवणी जोडावी, ज्यात मनसर, नगरधन, नाणी, शिल्पांचे वाद, सगळं मोकळेपणाने असेल. मिराशींचं कुठे चुकलं असेल तेही असेल. वर्धा जिल्हा परिषदेच्या शाळांत सहावीच्या मुलांपुढे जांबच्या ताम्रपटातली चतुःसीमा आणि जिल्ह्याचा नकाशा ठेवावा आणि वणेच्या काठचं मण्डुकिग्राम त्यांना शोधू द्यावं. आष्टीजवळच्या बेलोऱ्याला सापडलेल्या प्रवरसेनाच्या ताम्रपटांचं तर तिथल्याच शाळेत वाचन व्हावं. आणि पवनारला येणाऱ्या पाहुण्यांसाठी माहिती लिहायची असेल, तर ‘वाकाटकांची राजधानी’ एवढं लिहून थांबू नये. मिराशींनी पवनारला प्रवरपुर का म्हटलं आणि इतरांना मनसर का वाटतं, ही दोन्ही बाजूंची कारणं शुद्ध मराठीत, शेजारी शेजारी लिहावीत.